उजेडात धुतलेली फिल्म

थांबाताईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. एकाच फोटो स्टुडिओत आम्ही दोघांनी उभं आयुष्य काढलं, पण मला त्या माहीत होत्या त्या बहुतेक आवाजावरून. माझं टेबल त्यांच्या डार्करूमच्या भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे नळ सुटायचा, ट्रेमधलं पाणी डुचमळायचं, त्यांच्या डाव्या चपलेची करकर व्हायची, आणि काम मनासारखं होत असलं की त्या गुणगुणायच्या. ते गाणं कुठलं हे मला कधी ओळखू आलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. घरी एक मुलगी आणि कमी ऐकू येणाऱ्या सासूबाई आहेत, हे कळायलाही मला काही वर्षं लागली. माझ्या जागी दुसरा कुणी बोलका माणूस असता तर त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. पण तो माणूस तेव्हा तिथे नव्हता आणि मी होतो, म्हणून लिहितो.

थांबाताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. डार्करूमचं दार कुणीही वाजवलं की आतून एकच शब्द यायचा, "थांबा!" आत फिल्म उघडी असताना दार बोटभर किलकिलं झालं तरी सगळी मेहनत मातीत जाते, म्हणून तो शब्द असा यायचा की हात जागच्या जागी गोठावा. एकदा एक गिऱ्हाईक तीनदा तो शब्द ऐकून काउंटरवर आलं आणि वैतागून म्हणालं, "तुमच्या त्या थांबाताई भेटतील का आज?" त्या दिवसापासून मालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना थांबाताईच म्हणू लागले. त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

मी रिटचर होतो. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं काम करून माणसांचे देवीचे वण, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या घालवायचं माझं काम. त्या मला 'पेन्सिलराव' म्हणायच्या. "पेन्सिलराव, या बाईंना किती वर्षांनी लहान करणार आज?" असं दारातून निगेटिव्ह देताना विचारायच्या. मी उत्तर जुळवेपर्यंत दार लागलेलं असायचं.

स्टुडिओचे मालक म्हणजे मोठ्या मनाचा आणि तितक्याच भित्र्या स्वभावाचा माणूस. त्यांना आयुष्यभर एकच भीती होती, फोटोला उजेड कमी पडेल. लाकडी कॅमेऱ्यामागे उभे राहून शटरचा रबरी गोळा दाबला की तो सोडवत नसे. "थोडं अजून... थोडं अजून..." असं स्वतःशीच म्हणत राहायचे. लोक श्वास रोखून निळे पडायचे. निगेटिव्ह यायची ती जास्तीच्या उजेडानं कोळशासारखी काळीकुट्ट. थांबाताई ती चिमट्यात धरून बाहेर यायच्या.

"मालक, सूर्य काय आजच संपवायचाय?"

"अहो ताई, कमी पडण्यापेक्षा जास्त पडलेला बरा."

"तुम्ही जेवायला वाढता तेव्हाही असंच का? पाहुणा हात आडवा धरतो, तरी तुमचा डाव चालूच!"

मालक हसायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तितकाच उजेड वाढायचे. हा त्यांचा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक जुनं प्रसूतिगृह होतं. तिथल्या सिस्टरनी अर्ध्या वस्तीला जगात आणलं होतं. थांबाताईंची मुलगी त्यांच्याच हातची, मालकांचे दोन्ही मुलगे त्यांच्याच हातचे. सिस्टर निवृत्त होणार होत्या, रविवारच्या गाडीनं दूर राहणाऱ्या बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या, आणि त्यानंतर ती इमारतही पाडणार होते. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की सिस्टरच्या हातून जन्मलेल्या जितक्यांना येता येईल तितक्यांनी यावं आणि प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा एक फोटो काढावा. कुठून कुठून माणसं आली. कडेवरच्या पोरापासून टक्कल पडलेल्या गृहस्थापर्यंत शंभराच्या आसपास मंडळी पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभी राहिली. मध्यभागी खुर्चीवर पांढऱ्याशुभ्र गणवेशात सिस्टर. मी कॅमेऱ्याचं काळं कापड धरायला गेलो होतो. सिस्टर मान वळवून वळवून एकेकाला ओळखत होत्या.

"तू पायाळू ना रे? उलटा आलेला? नोकरी लागली का?"

"लागली आणि सुटली, सिस्टर."

"वाटलंच. तू सगळं उलटंच करणार. आणि ही बघा, हिनं आईला दोन रात्री जागवलं, आता स्वतः डॉक्टर झालीय. हसू नका रे, फोटोत दात दिसतील."

मालकांनी दोन फिल्म घेतल्या. मोठ्या कॅमेऱ्याच्या त्या फिल्म वहीच्या पानाएवढ्या, सुट्या असतात. दोन्ही वेळा नेहमीसारखं "थोडं अजून, थोडं अजून" झालं. मग मंडळी पांगली, आणि बरेचसे त्याच दिवशी आपापल्या गावी परतले.

फिल्म धुवायचं काम थांबाताईंचं. ही फिल्म तांबड्या दिव्यालाही भीत असल्यामुळे मिट्ट काळोखात धुवावी लागते. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग फिक्सर. डेव्हलपर चित्र बाहेर आणतो आणि फिक्सर ते पक्कं करतो. ही द्रावणं ठेवलेल्या तपकिरी बाटल्यांवरची लेबलं थेंब सांडून सांडून कधीच गळून गेली होती. डावीकडची डेव्हलपरची, उजवीकडची फिक्सरची. जागा हेच लेबल. शिवाय फिक्सरला आंबूस वास असतो, आणि डेव्हलपर बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांची चूक कधी झाली नव्हती.

पण त्याच आठवड्यात मालकांनी डार्करूमचं रंगकाम काढलं होतं. थांबाताईंना जबर सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. आणि डेव्हलपरमुळे बोटांना पुरळ उठलं होतं, आमच्या धंद्यात ते होतंच, म्हणून डॉक्टरांनी रबरी हातमोजे घालायला लावले होते. म्हणजे नाकही गेलं होतं आणि बोटंही.

मी टेबलाशी बसलो होतो. पलीकडे नळ वाजला, ट्रे हलले, मग दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. ना करकर, ना गुणगुण. मग दार उघडलं आणि दोन्ही फिल्म हातात धरून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पेन्सिलराव, तुमची नजर बारीक आहे. यात काही दिसतं का बघा."

मी खिडकीकडे धरून पाहिलं. खिडकीचे गज दिसले, समोरच्या दुकानाची पाटी दिसली. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. त्यावर एक डागसुद्धा नव्हता.

मालक आले. त्यांनी फिल्म पाहिल्या आणि मटकन स्टुलावर बसले. रंगारी शिडीवरून उतरत म्हणाला, "मी तर बाटल्या होत्या तशाच परत ठेवल्या, ताई. पहिली ती पहिली, शेवटची ती शेवटची."

"कुठल्या बाजूनं बघून?" थांबाताईंनी विचारलं.

रंगाऱ्यानं दाराकडे तोंड केलं, मग फडताळाकडे केलं, आणि त्याचा हात हळूच कपाळावर गेला.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बाटल्यांना नाक नसतं. मला आहे."

"अहो, पण तुमचं आज बंद आहे," मालक म्हणाले.

"मग दुकानही बंद ठेवायला हवं होतं मी."

मालकांनी सुचवलं की सिस्टरना कॅमेऱ्यात बिघाड झाल्याचं सांगावं, म्हणजे कुणाचंच नाव यायला नको. थांबाताईंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "बिघाड माझ्या हातात झाला. मीच सांगून येते. पेन्सिलराव, तुम्ही चला बरोबर. बोलू नका काही, नुसते चला." न बोलण्याचं काम असल्यामुळे मी निघालो.

प्रसूतिगृहात खाटा आवळून बांधलेल्या होत्या. सिस्टर कपाटं रिकामी करत होत्या. थांबाताईंनी दारातच उभं राहून, एका दमात, काही न लपवता सगळं सांगितलं. सिस्टरनी हातातला कापूस खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. शंभर माणसं पुन्हा कोण गोळा करणार, आणि रविवार तोंडावर आलेला. त्यांनी खिडकीबाहेरच्या त्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला एक सांग. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, ते गेलं असं मी कधी लगेच म्हटलंय?"

थांबाताईंनी नकारार्थी मान हलवली.

"तुझी पोर रडली होती का लगेच? निळी पडली होती. उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी सूर लावला. तू आधी तुझं सगळं करून ये. मग रडू आपण, दोघी मिळून."

परतीच्या वाटेवर थांबाताई माझ्या पुढे चालत होत्या. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं, त्याबाहेर एक जुना आरसा टेकवून ठेवलेला होता, पारा उडालेला, डागाळलेला. त्या आरशासमोर त्या थांबल्या त्या थांबल्याच. आतल्या गिऱ्हाइकाला वाटलं बाई त्याच्याकडेच बघताहेत. तो अर्ध्या दाढीनिशी सावरून बसला.

"माझे वडील आरसे करायचे," थांबाताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेली ती पहिली गोष्ट. "काचेवर चांदी चढवायचे. जुन्या काचा घासून पुन्हा चढवायला यायच्या. काच कितीही धुतली तरी जुन्या चांदीचा कण कुठे चिकटून राहिलेला असला, की नवी चांदी आधी तिथे धावायची. डोळ्यांना काच कोरी दिसायची हो, पण चांदीला ते कण दिसायचे. जुने डाग पुन्हा उमटायचे आणि वडील वैतागायचे." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. सर्दीनं लाल झालेले त्यांचे डोळे चमकत होते. "पेन्सिलराव, फोटो काढला म्हणजे फिल्मवर काय होतं?"

"चित्र उमटतं," मी चाचरत म्हणालो.

"नाही उमटत. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे दाणे. रव्यासारखे समजा, पण डोळ्यांना न दिसणारे. ज्या दाण्यावर उजेड पडतो त्याच्यात शुद्ध चांदीचा एक कण तयार होतो. कण म्हणजे तरी किती, चार-पाच अणू. बाकी दाणा जसाच्या तसा. दिसायला काही नाही, नुसती खूण, की इथे उजेड येऊन गेला. डेव्हलपर ती खूण शोधतो आणि खूण असलेल्या अख्ख्या दाण्याची काळी चांदी करतो. उरलेले दाणे फिक्सर विरघळवून काढून टाकतो. मी फिक्सर आधी घातला, तेव्हा त्यानं सगळेच दाणे खाल्ले."

"म्हणजे संपलंच की."

"तसंच मी सकाळपासून म्हणतेय. पण फिक्सर खातो तो क्षार. चांदी नाही खात. नाहीतर तयार झालेली निगेटिव्ह फिक्सरमध्ये टिकली असती का? मग दाण्यांच्या पोटातले ते चांदीचे कण गेले कुठे?"

"कुठे गेले?"

"कुठेच नाही. जिलेटिनमध्ये आहेत, आपापल्या जागी. तास-दोन तास फिल्म फिक्सरमध्ये पडली असती तर त्यानं तेही कुरतडले असते, पण मी तेवढा वेळ ठेवलेलीच नव्हती. ती फिल्म कोरी नाही, पेन्सिलराव. ती फार अशक्त निगेटिव्ह आहे. इतकी अशक्त, की तुम्हालासुद्धा दिसली नाही. तिला बाहेरून चांदी भरवायची."

मला सगळंच कळलं असं नाही. पण त्या रस्त्यानं इतक्या भरभर चालू लागल्या की मला धावत जावं लागलं.

अशक्त निगेटिव्हवर जादा चांदी चढवायची रीत आमच्या धंद्यात होती, पण आमच्याकडे तिचं सामान कधी आणलंच नव्हतं. मालकांच्या हाताखाली अशक्त निगेटिव्ह जन्मालाच येत नव्हती! त्यासाठी लागणारं सिल्व्हर नायट्रेट रसायनांच्या दुकानात नव्हतं. मागवलं तर पुढच्या महिन्यात, असं दुकानदार म्हणाला. थांबाताई तिथूनच उलट्या पावली सिस्टरकडे गेल्या, आणि सिस्टरनी भरून ठेवलेलं खोकं पुन्हा उघडून एक तपकिरी बाटली काढली.

"हेच ना? पूर्वी आम्ही नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत याचे थेंब घालायचो, डोळे येऊ नयेत म्हणून. त्या पायऱ्यांवर उभे होते ना, त्यातल्या निम्म्यांनी पहिल्यांदा डोळे उघडले ते या थेंबांतून. घेऊन जा."

पहिला प्रयत्न आमच्या स्टुडिओत झाला. थांबाताईंनी मेटॉल ही डेव्हलपरमधली पूड आणि लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात चांदीचं पाणी मिसळलं. मेटॉल चांदीला बाहेर काढतं आणि आंबटपणा तिला आवर घालतो, असं त्यांनी मालकांना सांगितलं. दार लावायची गरज नव्हती. दाणेच उरले नव्हते, त्यामुळे फिल्म उजेडाला भीत नव्हती. तरीही त्या सवयीनं दार लावून बसल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा फिल्म सगळीकडून सारखी करडी झालेली होती, पावसाळी आभाळासारखी. चांदी आली होती, पण कणांकडे न जाता जिथे जागा मिळेल तिथे बसली होती.

मालकांनी हात टेकले. "ताई, जाऊ द्या आता. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या.

"ती तरी राहू द्या. निदान..." निदान काय, ते मालकांनाही सुचेना. कोरी काच जपून ठेवून करायचं काय?

थांबाताई करडी फिल्म घेऊन पुन्हा सिस्टरकडे गेल्या. या वेळी मी न सांगता बरोबर गेलो. सिस्टरनी ती फिल्म बोटांत धरली आणि रुग्णाला विचारावं तसं विचारलं, "भांडं उकळलं होतंस?"

"धुतलं होतं चांगलं."

"धुतलं म्हणजे उकळलं नव्हे. पाणी कुठलं?"

"नळाचं. गाळून घेतलेलं."

सिस्टरनी नुसतं बघितलं. थांबाताईंनी जीभ चावली. "वडील काच डिस्टिल्ड वॉटरनंच धुवायचे," त्या हळूच म्हणाल्या. "भांड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चांदीला कुठलीही घाण पुरते बसायला, असं म्हणायचे."

"मग प्रसूती इथेच होईल," सिस्टर म्हणाल्या. "शेवटची. मी अजून निवृत्त झालेली नाही."

शनिवारी सकाळी आम्ही प्रसूतिगृहात जमलो. मालक आले, रंगारी रंगानं माखलेल्या कपड्यांत आला, आणि त्या उलट्या आलेल्या पायाळूची नोकरी सुटलेली असल्यामुळे तोही आला. प्रसूतीच्या खोलीला उत्तरेकडे भलीमोठी खिडकी होती. तिच्याखाली टेबल ओढलं. एकही टवका न उडालेला पांढरा इनॅमलचा ट्रे सिस्टरनी उकळून घेतला होता. डिस्टिल्ड वॉटर त्यांच्याच कपाटातलं. त्यांनी थांबाताईंना कोपरापर्यंत हात घासायला लावले आणि आम्हा पुरुषांना भिंतीला टेकून उभं केलं.

"बाप मंडळींनी मध्ये बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि चक्कर आली तर बाहेर जाऊन पडायचं."

थांबाताईंनी या वेळी लिंबूसत्त्व जास्त घेतलं, चांदी कमी. हातमोजे घातले नाहीत. फिल्म ट्रेमध्ये सोडली आणि ट्रेचा एक कोपरा उचलून हलकेच खाली ठेवला, मग दुसरा. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलेला तो डुचमळण्याचा आवाज मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. त्यांचे हात किती सावकाश चालतात हे मला माहीतच नव्हतं. बाकी खोलीत आवाज होता तो फक्त घड्याळाचा. फिल्म पाण्यासारखी, ट्रे पांढरा; आत काही आहे की नाही तेच कळत नव्हतं. मालकांचा धीर सुटायला लागला.

"ताई, निदान एकदा बाहेर काढून बघू या का?" असं म्हणत ते पुढे सरकले आणि त्यांचा हात ट्रेकडे गेला.

"थांबा!"

भरदिवसा, सताड उघड्या दारात तो शब्द असा आला की मालक एका पायावर उभे राहिले.

आणि तेवढ्यात ट्रेच्या मध्यभागी काहीतरी झालं. आधी वाटलं कुणाची तरी सावली पडली. मी खिडकीकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. फिल्मच्या बरोबर मध्ये एक फिकट तपकिरी डाग होता. मघाशी नव्हता. तो हळूहळू गडद झाला, त्याला खांदे फुटले.

"हे काय आहे?" रंगाऱ्यानं विचारलं.

थांबाताई ट्रे हलवण्यात गुंतल्या होत्या, म्हणून मी बोललो. तेवढं मला येत होतं. "निगेटिव्हमध्ये जे सगळ्यात पांढरं, ते सगळ्यात काळं येतं," मी म्हणालो. "त्या दिवशी सगळ्यात पांढरा होता तो सिस्टरचा गणवेश."

सिस्टर पुढे वाकल्या. शंभर माणसांत सगळ्यात आधी त्याच आल्या होत्या. मग त्यांच्या भोवती एकेक पांढरा शर्ट उमटू लागला, मग पायऱ्यांच्या कडा, मग चेहरे, ओळीमागून ओळ, वरच्या पायरीपर्यंत. नाकं, कान, कडेवरची पोरं. जणू दाराबाहेर ताटकळलेली मंडळी आत बोलावल्यावर दाटीवाटीनं आत येत होती.

"मालक," थांबाताई ट्रेवरून नजर न हलवता म्हणाल्या. "तुम्ही उजेड मोजूनमापून दिला असतात, तर हे कण इतके जमलेच नसते. यातलं निम्मं काही आलं नसतं."

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"आजच्यापुरतं."

"सगळ्यांनी ऐकलंत ना? पेन्सिलराव, तुम्ही साक्षीदार!"

पायाळूनं तर टाळ्याच वाजवल्या. सिस्टरनी सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वेळ टिपून ठेवा कुणीतरी. आणि आईला पाणी द्या." मग फोटोसाठी मांडलेल्या त्याच खुर्चीवर बसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. थांबाताईंनी फिल्म चिमट्यात धरून खिडकीत उंच केली. त्यांची बोटं चांदीच्या पाण्यानं काळी पडत चालली होती. एरवी त्यांचं काम कुणालाही दिसत नसे. दार लावून काळोखात करायचं आणि बाहेर द्यायचं, एवढंच. आज दार उघडं होतं, ऊन आत आलेलं होतं, आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कुठे बघावं ते कळेना. मग त्या म्हणाल्या, "या, बघा की जवळून. आता ही कुणाला भीत नाही."

त्या दुपारी आम्ही कडक कागदावर, म्हणजे फिकं चित्रही उठावदार करणाऱ्या कागदावर, प्रिंट काढली. निगेटिव्ह फिकीच होती, पण शंभर चेहरे ओळखू येत होते. एक तेवढा दोष निघाला. पायाळूनं उन्हामुळे डोळे मिटले होते. माझे हात शिवशिवले. मी पेन्सिलीला टोक काढून म्हणालो, "ताई, याचे डोळे उघडून देतो. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी निगेटिव्ह माझ्या हातातून काढून घेतली. "यावर एक रेघसुद्धा ओढायची नाही. आहे ते सगळं उजेडानं ठेवलेलं आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या टेबलावरून काही न करता गेलेलं तेवढं एकच चित्र.

रविवारी गाडी सुटायच्या आधी आम्ही प्रिंट घेऊन स्टेशनवर गेलो. सिस्टरनी चष्मा पुसून पुसून एकेक चेहरा पाहिला. मग त्यांनी थांबाताईंचे काळे झालेले हात धरले आणि फलाटावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना दाखवत म्हणाल्या, "हे हात बघून ठेवा. सुईणीचे आहेत." थांबाताईंनी ते डाग कित्येक दिवस लपवले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायच्या, "वडिलांची बोटं कायम अशीच असायची." मालकांनी त्या फोटोची मोठी प्रत दर्शनी खिडकीत लावली, आणि त्यातली माणसं बायकोमुलांना घेऊन आपला चेहरा दाखवायला येत राहिली.

पुढे फिल्मचा जमाना सरला, स्टुडिओ बंद झाला. मी बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या मुलीकडून पत्ता घेऊन, पहिल्यांदा थांबाताईंच्या घरी गेलो. खोलीत खिडकीजवळ तोच फोटो होता. त्यांनी चहा केला. बोलायला मला नेहमीप्रमाणे काही सुचेना, म्हणून मी चष्मा काढून फोटोला नाक लावून पाहत बसलो.

"पायाळूचे डोळे अजून मिटलेलेच आहेत," मी म्हणालो.

"हात शिवशिवतात वाटतं अजून?"

"शिवशिवतात थोडे."

"शिवशिवू द्या."

मग मी उठलो, चपला घातल्या आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो, तेवढ्यात आतून आवाज आला, "थांबा!" माझा पाय जागीच थबकला. डाव्या चपलेची करकर दारापर्यंत आली.

"चष्मा विसरलात, पेन्सिलराव."

"हो की."

"सावकाश उतरा. तिसरी पायरी हलते."

"बरं. येतो मी."